३०० वर्षे की ३ लाख वर्षे? नव्या इंधनचक्रांमुळे अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीत नेमका काय फरक पडतो?

खडूफळा (कोल्हापूर)

नमस्कार. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात किरणोत्साराचा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने उभे राहून सांगितले की, फास्ट ब्रीडर (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या आणि नवे इंधनही तयार करणाऱ्या) अणुभट्ट्या आल्या की अणुकचरा ३०० वर्षांत निकामी होतो, मग तो जमिनीत खोल पुरायची गरजच उरत नाही. त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच आक्षेप घेतला की प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य (ते निम्मे उरायला लागणारा काळ) २४,१०० वर्षे आहे, म्हणजे दहा अर्धायुष्ये धरली तरी आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. मी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, "पुढच्या तासाला सांगते" असे म्हणाले आणि घंटा झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला, हे कबूल करते.

घरी येऊन वाचले तेव्हा लक्षात आले की दोन्ही आकडे छापील मजकुरात सर्रास सापडतात. माझी अडचण अशी आहे की दोन्ही बरोबर असतील तर ते एकाच गोष्टीबद्दल असू शकत नाहीत. ३०० वर्षांचा दावा कोणत्या अटींवर उभा आहे? आपल्या देशातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या इंधनालाही तो लागू होतो का? आणि तो खरा असेल तर फिनलंडने ४०० मीटरहून खोल बोगदे कशासाठी खोदले? जैतापूरचा विषय निघाला की आमच्याकडे चर्चा फार लवकर बाजूने-विरोधात अशी वाटली जाते, ती इथे नको आहे. वर्गात उभी राहून सांगू शकेन असे उत्तर हवे आहे.

तारापूरकर

ताई, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी नोकरी याच क्षेत्रात गेली आणि निवृत्तीनंतर मी कागलला स्थायिक झालो आहे.

आधी मोजपट्टी ठरवू. "कचरा संपतो" याचा या आकड्यांमधला अर्थ एवढाच असतो की, त्यातल्या सगळ्या किरणोत्सारी द्रव्यांचे एकत्रित विषारीपण कमी होत होत, ज्या नैसर्गिक युरेनियम खनिजापासून ते इंधन तयार झाले होते त्या खनिजाच्या पातळीला येते. ते पोटात गेले तर किती अपाय करील, यावरून हे विषारीपण मोजतात. ते शून्य होत नाही, आणि ते पोटात जाण्याची शक्यता किती, हा प्रश्न या हिशोबात येतच नाही.

साध्या पाण्याच्या अणुभट्टीतून बाहेर आलेल्या वापरलेल्या इंधनात साधारण ९५ टक्के युरेनियमच असते, सुमारे १ टक्का प्लुटोनियम असते, ३ ते ४ टक्के विखंडनातून झालेली द्रव्ये असतात आणि एक सहस्रांशाच्या आसपास नेप्चुनियम, अमेरिसियम व क्युरियम ही जड मूलद्रव्ये असतात. पहिली काही शतके विखंडनजन्य द्रव्यांचा, त्यातही सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा, अंमल असतो. दोघांचेही अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे. ३०० वर्षे म्हणजे त्यांची दहा अर्धायुष्ये, आणि दोनाचा दहावा घात १०२४, म्हणून ती हजारावर एक एवढीच उरतात. तुमच्या विद्यार्थ्याचा आकडा इथून आलेला आहे. त्यानंतरचा जवळजवळ सगळा भार प्लुटोनियम आणि अमेरिसियम यांच्यावर असतो, आणि तुमच्या विद्यार्थिनीचा आकडा तिथून आलेला आहे.

आता तीन वाटा होतात. इंधन एकदा वापरून तसेच पुरले तर खनिजाच्या पातळीला यायला, हिशोबाच्या रीतीप्रमाणे, १ ते ३ लाख वर्षे लागतात. पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम काढून घेतले आणि उरलेले काचेत बंद केले तर काही हजार ते साधारण १० हजार वर्षे लागतात, कारण अमेरिसियम आणि क्युरियम काचेतच राहिलेले असतात. तेही वेगळे काढून वेगवान न्यूट्रॉनांच्या अणुभट्टीत जाळले तरच ३०० ते ५०० वर्षांची भाषा करता येते. म्हणजे नुसत्या फास्ट ब्रीडरने ३०० वर्षे साधत नाहीत. प्लुटोनियम जाळणे हा त्यातला निम्माच भाग आहे आणि उरलेला निम्मा रसायनशास्त्राचा आहे. हजारातला एखादाच भाग निसटेल इतकी स्वच्छ फारकत कारखान्याच्या प्रमाणावर, वर्षानुवर्षे करत राहणे हे खरे अवघड काम. तारापूरला २०१३ मध्ये अशा फारकतीचा प्रात्यक्षिक संच उभा राहिला, पण प्रात्यक्षिक आणि रोजचे उत्पादन यांतले अंतर मी नोकरीत पुरेसे पाहिलेले आहे.

आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांबद्दल: त्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात आणि ते थोडेच जळते, म्हणजे दर टनातून साधारण ७,००० मेगावॉट-दिवस एवढीच ऊर्जा मिळते. म्हणून बाहेर आलेल्या इंधनात विखंडनजन्य द्रव्ये पाऊण टक्क्याच्या आसपास आणि प्लुटोनियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. ते तसेच पुरायचे म्हटले तर तितक्याच विजेमागे कितीतरी जास्त टन पुरावे लागतील, जरी दर टनाची उष्णता कमी असली तरी. त्यामुळे पुनर्प्रक्रियेचा आपल्याकडचा आग्रह केवळ प्लुटोनियमच्या हव्यासापोटी नाही. मुंबईजवळच्या ट्रॉम्बेचा पुनर्प्रक्रियेचा पहिला संयंत्र १९६० च्या दशकाच्या मध्यातला आहे, हेही वर्गात सांगण्यासारखे आहे.

एक बारकावा मात्र पुस्तकांत सहसा मिळत नाही. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य १४ वर्षे आहे आणि त्याचे रूपांतर अमेरिसियम-२४१ मध्ये होते. वापरलेले इंधन तलावात पडून राहिले आणि पुनर्प्रक्रिया वीस-तीस वर्षे लांबली, तर तेवढ्या काळात इंधनातले अमेरिसियम वाढत जाते आणि शेवटी काचेत जाऊन बसते. बंद इंधनचक्र (वापरलेल्या इंधनातले प्लुटोनियम काढून पुन्हा वापरणे) कागदावर आहे की वेळेवर चालते आहे, यावर कचऱ्याची प्रत ठरते.

ओतकाम

नमस्कार काका. माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, त्यामुळे हे सगळे मी माझ्या चष्म्यातून वाचले. आम्ही मोल्डिंगची वापरलेली वाळू रिक्लेम करून पुन्हा वापरतो. नवी वाळू कमी लागते हे खरे, पण प्रत्येक फेरीत जो बारीक भुकटा वेगळा पडतो त्यात बाइंडरचे अवशेष एकवटलेले असतात, आणि तो कुणालाच नको असतो. तुमची काच म्हणजे आमच्या भुकट्याचाच मोठा भाऊ, असे समजायचे का?

दुसरा प्रश्न काचेबद्दलच. आमच्याकडे लॅडलमधला (वितळलेल्या धातूच्या भांड्यातला) स्लॅग, म्हणजे धातूवरची मळी, बाहेर ओतला की थंड होताना तडतड आवाज करत फुटतो. सकाळी पाहिले तर वरून अखंड दिसणारा थर पायाखाली चुरा होतो. किरणोत्सारी काच डब्यात ओतल्यावर अशीच तडकत असेल, तर ती शेकडो वर्षे माल धरून कशी ठेवणार?

तारापूरकर

तुमची तुलना बऱ्याच अंशी बरोबर आहे. फरक एवढा की तुमचा भुकटा स्वतःहून तापत नाही.

काच तडकते, हे खरेच आहे. वितळलेली बोरोसिलिकेट काच साधारण ९५० ते १००० अंशांवर पोलादी डब्यात ओततात आणि हळूहळू थंड करतात, तरी आतून भेगा पडतातच. पण माल काचेच्या भेगांमध्ये भरलेला नसतो. तो काचेच्या जाळ्यात अणू-अणूने गुंफलेला असतो, त्यामुळे तडा गेला म्हणून काही सांडत नाही. तड्यांमुळे पाण्याला झिजवायला जास्त पृष्ठभाग मिळतो, एवढा तोटा होतो, आणि तो हिशोबात धरलेला असतो. तुमचा स्लॅग ठिसूळ होतो त्याचे कारण त्याची रचना सांभाळण्याची कुणालाच गरज नसते. इथे सगळी मेहनत त्या रचनेवरच घेतलेली असते.

स्लॅगशी खरे साम्य दुसरीकडे आहे. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट बरेच होते, आणि सल्फेट साध्या बोरोसिलिकेट काचेत फारसे विरघळत नाही. मर्यादेबाहेर गेले की ते पिवळट थर होऊन वर तरंगते. हा थर पाण्यात सहज विरघळतो, सीझियमही ओढून घेतो, म्हणजे नेमके जे व्हायला नको तेच होते. त्यासाठी बेरियम घातलेली वेगळी बोरोसिलिकेट काच वापरावी लागली. चार्ज बदलला की फ्लक्स बदलावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रगत इंधनचक्राचा संबंध इथेच येतो. इंधन जास्त जाळले, त्यात प्लुटोनियम जास्त घातले, तर कचऱ्याचे रासायनिक मिश्रण बदलते आणि उष्णता वाढते. मग काचेत किती माल घालता येईल यावर मर्यादा येते. याउलट सीझियम आधीच काढून घेतले तर काच थंड राहते. ट्रॉम्बेला कचऱ्यातून काढलेले सीझियम-१३७ काचेच्या कांड्यांत बंद करून रक्तपेढ्यांच्या विकिरण यंत्रांसाठी दिले जाते. प्रमाण लहान असले तरी दिशा लक्षात यावी म्हणून हे सांगितले.

काळा पाषाण

मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता विहिरी-कूपनलिकांची कामे पाहतो, त्यामुळे जमिनीच्या बाजूने लिहितो. वरच्या चर्चेत एक गृहीतक राहून गेले आहे, ते म्हणजे विषारीपण कमी झाले की विल्हेवाट तितकीच सोपी होते. तसे होत नाही.

खोल भूगर्भातल्या भांडारातून हजारो वर्षांनी माणसापर्यंत काय पोहोचेल याचे हिशोब मांडले जातात तेव्हा प्लुटोनियम आणि अमेरिसियम यादीत बहुधा खाली असतात. खोलवरच्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात ही मूलद्रव्ये जवळजवळ विरघळत नाहीत आणि मातीच्या कणांना चिकटून बसतात. प्रवास करतात ती आयोडीन-१२९, क्लोरीन-३६ यांसारखी द्रव्ये, जी पाण्याबरोबर वाहतात आणि मातीला चिकटत नाहीत. आयोडीन-१२९ चे अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षे आहे. फास्ट ब्रीडरमध्ये अमेरिसियम कितीही जाळले तरी आयोडीनला त्याने काहीच होत नाही. उलट प्रत्येक विखंडनाबरोबर ते थोडे थोडे तयारच होते. थोडक्यात, ज्या द्रव्यांसाठी ३०० वर्षांचा खटाटोप करायचा ती जागची हलत नाहीत, आणि जी हलतात ती या खटाटोपात कमी होत नाहीत. माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे आणि प्रचारकी लेखांत ती हटकून गाळलेली असते.

पुनर्प्रक्रियेत इंधन आम्लात विरघळवताना आयोडीन वायुरूपाने सुटते, म्हणून काचेत ते फारसे उरत नाही, असे उत्तर कुणी देईल. ते खरे आहे, पण मग ते जाते कुठे, हेही सांगावे लागेल. फ्रान्सच्या ला हाग आणि इंग्लंडच्या सेलाफील्ड येथून त्याचा मोठा भाग समुद्रात सोडला गेला आहे.

तरीही भांडाराच्या बाजूने नव्या चक्रांचा एक मोठा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. भांडार किती पसरट होणार हे कचऱ्याच्या आकारमानापेक्षा त्याच्या उष्णतेवर ठरते. फिनलंडच्या ओंकालोमध्ये वापरलेले इंधन पुनर्प्रक्रिया न करता, तांब्याच्या जाड डब्यांत, साधारण ४३० मीटर खोल खडकात ठेवायचे आहे. प्रत्येक डब्याभोवती बेंटोनाइट माती ठासतात, आणि ती माती १०० अंशांच्या वर तापू द्यायची नाही असा दंडक असल्यामुळे डबे एकमेकांपासून काही मीटर दूर ठेवावे लागतात. पहिल्या शतकानंतर ही उष्णता मुख्यतः अमेरिसियम-२४१ ची असते, ज्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षे आहे. ते काढून घेतले आणि उरलेली काच जमिनीवर शंभरेक वर्षे निवू दिली, तर डबे जवळ जवळ ठेवता येतात आणि त्याच खडकात काही पट कचरा मावतो. फ्रान्समध्ये ब्यूरजवळ मातीच्या थरात ५०० मीटर खोल जे भांडार आखले आहे, तिथेही हाच हिशोब वर्षानुवर्षे चालू आहे.

फिनलंडने बोगदे का खोदले याचे उत्तर यातच आहे. त्यांच्याकडे अणुभट्ट्या मोजक्या, पुनर्प्रक्रियेचा कारखाना नाही, आणि आपला अणुकचरा देशाबाहेर पाठवायला त्यांच्याच कायद्यात १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मनाई केली. पाच अणुभट्ट्यांसाठी प्रगत चक्र उभारण्यापेक्षा एक चांगला खडक शोधणे त्यांना परवडले.

आता आपल्या पायाखालचे. काळा दगड (बेसॉल्ट) एवढा टणक असताना सह्याद्रीतच का पुरत नाहीत, असा प्रश्न मला अनेकांनी विचारलेला आहे. करवीर तालुक्यात विहीर खोदताना ज्याने पाहिले आहे त्याला उत्तर ठाऊक असते: वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याच्याखाली मांजऱ्या (छिद्रांचा मऊ दगड), कुठे लाल मातीचा पट्टा, मग पुन्हा पाषाण. लाव्हाचे थरावर थर बसलेले आहेत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यातूनच पाणी वाहते; विहिरीला पाणी लागते तेही तिथेच. अमेरिकेने हॅनफर्डजवळच्या बेसॉल्टचा असाच अभ्यास केला होता, पण १९८७ मध्ये तो मागे पडून नेवाडातल्या युका पर्वताची एकट्याची निवड झाली, आणि पुढे तेही रखडले. शिवाय आपल्या उशाला कोयनेचा १९६७ चा भूकंप आहे. कोयनेच्या वैज्ञानिक कूपनलिकांत बेसॉल्ट संपून खालचा ग्रॅनाइटी खडक लागायला ९०० मीटरहून अधिक खोल जावे लागले. भारतात खोल खडकातला उष्णतेचा प्रयोग झाला तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, साधारण हजार मीटर खोलीवर, १९८० च्या दशकात. सरकारी भूमिका आजवर अशी राहिली आहे की काचबंद कचऱ्याचे प्रमाण अल्प असल्यामुळे खोल भांडाराची घाई नाही. काच दीर्घकाळ निवत ठेवायचीच असते, तेव्हा ही भूमिका आज चालून जाते, पण योग्य खडक शोधायलाच दोन पिढ्या जातात हे फिनलंडवरून दिसते.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. आज तासाला मी मोजपट्टीपासून सुरुवात केली आणि पहिली दहा मिनिटे "निकामी" हा शब्द खोडण्यातच गेली. दोन शंका उरल्या आहेत. तारापूरकर काका, आपण "हजारातला एखादाच भाग निसटेल" असे लिहिले होते. एका मुलाने विचारले की, शंभरातला एक निसटला तर काय मोठेसे बिघडते? मला तत्काळ उत्तर देता आले नाही. आणि थोरियमने हा सगळा प्रश्नच सुटतो, असे आणखी एकाचे म्हणणे आहे.

तारापूरकर

त्या मुलाला फळ्यावर गणितच करायला लावा. समजा १०० किलो प्लुटोनियम अणुभट्टीत घातले. एका फेरीत ते सगळे जळत नाही. सोयीसाठी १० टक्के जळते असे धरू. उरलेले ९० किलो पुनर्प्रक्रियेला जाईल, आणि तिथे शंभरात एक निसटला तर ०.९ किलो कचऱ्यात जाईल. ८९.१ किलो परत येईल, पुन्हा १० टक्के जळेल, पुन्हा शंभरात एक निसटेल. ही भूमितीय श्रेढी आहे, बारावीच्या मुलांना बेरीज करता येईल: ०.९ भागिले ०.१०९, म्हणजे सव्वाआठ किलो. मूळ मालाच्या आठ टक्क्यांहून अधिक भाग शेवटी काचेत गेला, मग ३०० वर्षे विसरावी लागतात. हजारात एक निसटला तर तीच बेरीज ०.९ किलोच्या आसपास येते. यात नव्याने तयार होणारे प्लुटोनियम धरलेले नाही, पण मुद्दा समजायला एवढे पुरे. फेऱ्या जितक्या जास्त तितकी गळती जास्त, म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त जाळता येईल असे इंधन हवे असते. कल्पाक्कमच्या छोट्या प्रायोगिक फास्ट अणुभट्टीत १९८५ पासून कार्बाइड इंधन वापरून ही बाजू बरीच तपासली गेली. तिथल्याच ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइपमध्ये मार्च २०२४ मध्ये गाभा भरायला सुरुवात झाली, आणि तिचे इंधन ऑक्साइडचे आहे.

फ्रान्समध्ये प्लुटोनियम-मिश्रित इंधन साध्या पाण्याच्या अणुभट्टीत एकदा वापरून झाले की बहुतांशी साठवूनच ठेवतात, हेही मुलांना सांगा. ज्याला आपण बंद चक्र म्हणतो ते तिथे एका फेरीनंतर थांबलेले आहे.

थोरियमबद्दल थोडक्यात. थोरियमपासून होणाऱ्या युरेनियम-२३३ च्या चक्रात प्लुटोनियम, अमेरिसियम, क्युरियम फारच कमी तयार होतात, हा फायदा खरा आहे. पण विखंडनजन्य द्रव्ये तशीच होतात, म्हणजे सीझियमही आहे आणि वरच्या प्रतिसादातले आयोडीनही आहे. शिवाय प्रोटॅक्टिनियम-२३१ तयार होते, ज्याचे अर्धायुष्य जवळजवळ ३३ हजार वर्षे आहे. सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ च्या वंशावळीतून निघणारे गॅमा किरण इतके तीव्र असतात की इंधन बनवण्याचे कामही जाड भिंतीआडून, दूरनियंत्रणाने करावे लागते. आणि थोरियम ऑक्साइड नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळायला तयार नसते, त्यात थोडे फ्लोराइड घालावे लागते, जे पोलादी भांड्यांनाच खाते.

ओतकाम

भांडे खाणारे फ्लक्स आम्हीही वापरून पाहिले आहे काका, लायनिंग चार हीटमध्ये गेले होते. ते तुटलेले लायनिंग तुमच्याकडे कशात मोजतात? म्हणजे काच वितळवणारा मेल्टर, पाइप, टाक्या हे सगळे कधीतरी बदलावेच लागत असेल.

तारापूरकर

मोजतात, आणि बऱ्याच आकडेवारीत ते वेगळ्या रकान्यात असते, म्हणून वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. काच हा सगळ्यात जहाल कचरा, पण आकारमानाने सगळ्यात लहान. इंधनाच्या कापलेल्या नळ्या, वापरलेले विद्रावक, गाळण्या, हातमोजे, मोडीत काढलेला मेल्टर हा मध्यम आणि सौम्य कचरा आकारमानाने कितीतरी मोठा असतो, आणि पुनर्प्रक्रियेची प्रत्येक जादा पायरी त्यात भर घालते. यातला सौम्य भाग आपल्याकडे प्रकल्पाच्या आवारातच, काँक्रीटच्या चरांत आणि नळीसारख्या खोल टाक्यांत जमिनीलगत ठेवतात. प्लुटोनियमचा अंश लागलेला भाग मात्र तिथे ठेवता येत नाही, तो काचेच्याच रांगेत उभा राहतो. तुमच्या मेल्टरच्या विटा बहुधा त्याच रांगेत असतील.